एका मुंबईवर दोन धर्मसत्ता

दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’ मुंबईकरांना निदान बसस्टॉपमुळे तरी ठाऊक असते. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ मध्ये उभारलेल्या या चर्चचा कारभार कैक वर्षे गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखाली चालला. त्याचे मूळ पाद्रोआदोत आहे.

पाद्रोआदो म्हणजे पोपनी पोर्तुगालच्या राजाला दिलेले चर्चचे आश्रयदातेपण. नव्या मुलुखात चर्चे बांधायची, धर्मगुरूंचा प्रवास नि निर्वाह सोसायचा, हे राजाचे काम. त्या बदल्यात बिशपपदासाठी नाव सुचवण्याचा मान त्याचा. १५३४ मध्ये स्थापन झालेला गोव्याचा धर्मप्रांत याच व्यवस्थेतला. त्याची हद्द केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंत पसरली होती.

एवढा पसारा पोर्तुगालला पेलेना. १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसाराचे स्वतःचे खाते काढले, ते प्रोपागांडा फिदे. दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रो यांना गोव्यात धर्मगुरू होता आले नाही. ते रोमला गेले आणि १६३७ मध्ये प्रोपागांडाच्या पाठबळाने बिशप झाले. गोव्याच्या सत्ताधाऱ्यांनी मात्र त्यांचा अधिकार मानला नाही.

हीच ओढाताण मुंबईत घरोघरी पोहोचली. मुंबई तोवर इंग्रजांकडे आली होती आणि पोर्तुगीज धर्मगुरूंच्या निष्ठेविषयी त्यांच्या कंपनी सरकारला संशय होता. १७२० मध्ये गव्हर्नर बून यांनी त्यांना बेटाबाहेर काढले आणि चर्चे प्रोपागांडाच्या कार्मेलाइट धर्मगुरूंकडे सोपवली. भाविकांतला मोठा गट गोव्यालाच धरून राहिला. अखेर १७९४ मध्ये सरकारने चार चर्चांची वाटणी केली: दादर व माझगाव पाद्रोआदोकडे, माहीम व भुलेश्वर प्रोपागांडाकडे.

एकाच शहरात शेजारी शेजारी राहणारी कॅथलिक कुटुंबे अशी दोन वेगवेगळ्या धर्माधिकाऱ्यांना बांधली गेली.

१८८६ मध्ये मुंबईचे आर्चडायोसिझ झाले, पण पाद्रोआदोची चर्चे नव्या दमण धर्मप्रांताखाली गेली आणि दुहेरी कारभार चालूच राहिला. १९२८ च्या करारात दोन्ही एकत्र आले. मात्र आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असावा असे ठरले. ज्यांच्यावर धर्मसत्ता चालायची त्या इथल्या माणसांचा त्यात विचारच नव्हता. इंग्रज आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी सहायक बिशप व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्यावर कारभार सोपवला नि स्वतः भारताबाहेर राहिले. १९५० मध्ये पोर्तुगालने भारतातल्या धर्मप्रांतांवरचा पाद्रोआदोचा हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनी पद सोडले आणि ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.