ई-रीडर म्हणजे काय? मराठी वाचकाने घेण्याआधी काय बघावं?

ई-रीडर म्हणजे फक्त पुस्तकं वाचण्यासाठी बनवलेलं यंत्र. दिसायला लहान टॅबलेटसारखं, पण त्यावर फोन येत नाही की व्हिडिओची गंमत नाही. ॲमेझॉनचं किंडल आपल्याकडे जास्त माहितीचं. ते अमेरिकेत २००७ साली आलं. त्याआधी, २००४ मध्ये, सोनीने जपानमध्ये असं यंत्र विकायला काढलं होतं.

पडदा वेगळा कसा?
मोबाइलचा पडदा मागून उजळतो. ई-रीडरमध्ये असते ई-इंक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाई. पडद्याखाली अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने हे कण वर-खाली होतात आणि अक्षरं उमटतात. पान उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. म्हणूनच एकदा चार्ज केलं की काही आठवडे चालतं. उन्हात, अंगणात बसूनही छापील पानासारखं स्पष्ट दिसतं. शिवाय अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. घरातल्या ज्येष्ठांना याचाच सर्वांत जास्त उपयोग.

मराठीचं काय?
किंडलवर मराठी पुस्तकांची अधिकृत सोय डिसेंबर २०१६ मध्ये झाली. बेळगाव, इंदूर, हैदराबादकडच्या वाचकाला नवं मराठी पुस्तक हवं तर कुरिअरची वाट बघावी लागते, नाहीतर पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला सांगावं लागतं. ई-पुस्तक मात्र दोन मिनिटांत हातात येतं.

पण सगळंच मराठी ई-पुस्तक इथे नीट वाचता येत नाही. फुकट मिळणारी बरीच मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये असतात. पीडीएफचं पान म्हणजे जणू फोटोच. सहा इंची पडद्यावर अक्षर मुंगीएवढं दिसतं, आणि मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर जाते. ई-पब प्रकारातला मजकूर मात्र पडद्याप्रमाणे ओळी बदलतो. तोही युनिकोडमध्ये हवा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तसाच उतरवला तर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. शिवाय काही मराठी विक्रेत्यांची ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, किंडलवर जात नाहीत.

पुस्तक खरंच आपलं होतं का?
इथे हिशेब नीट समजून घ्या. विकत घेतलेलं बहुतेक ई-पुस्तक म्हणजे वाचण्याची परवानगी असते, मालकी नव्हे. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तकं हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली. पैसे परत दिले, पण पुस्तक गेलंच. छापील पुस्तक शेजाऱ्याला देता येतं, वाचनालयाला भेट देता येतं, नातवंडांसाठी कपाटात राहतं. ई-पुस्तकाचं तसं नाही.

घ्यावं की नको?
किंडलचं ॲप मोबाइलवर फुकट मिळतं. आधी त्यावर आपल्या आवडीची दहा मराठी पुस्तकं शोधा. पाच-सहा मिळाली आणि नमुन्याची पानं वाचताना जोडाक्षरं नीट दिसली, तर यंत्र घ्यायला हरकत नाही. दोनच मिळाली, तर ते पैसे पुस्तकांवर आणि गावातल्या मराठी वाचनालयाच्या वर्गणीवर घातलेले बरे. परराज्यातली ही वाचनालयं सभासदांवरच चालतात. ई-रीडर आला म्हणून ती वर्गणी बंद करू नका.