ऐकूं येतें, पण भाषा येत नाहीं

सन १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यांत, २२ व २३ तारखांस, वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय शिक्षणाची परिषद भरली. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, मातृभाषेचें माध्यम, आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोंवतीं सर्व विषयांची गुंफण, हे तिच्या ठरावांचे मुख्य विषय होते. लागलीच डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली व डिसेंबरांत तिचा अहवालहि सादर झाला. 'वर्धा योजना' म्हणून जी देशभर गाजली ती हीच. मातृभाषेचें योग्य शिक्षण हा सर्व शिक्षणाचा पाया होय, असें समितीनें म्हटलें. आणि परिणामकारक बोलतां व शुद्ध लिहितां-वाचतां आल्यावांचून कोणाच्याहि विचारांत नेमकेपणा येणार नाहीं, असेंहि त्यास जोडून प्रतिपादिलें.

यांतला पहिला भाग निर्विवाद आहे. दुसऱ्या भागापाशीं मात्र थोडें थांबावें लागतें. कारण जवळजवळ प्रत्येक शाळेंत एखादें तरी मूल असें असतें कीं, त्याला ही मातृभाषाच परक्या भाषेसारखी प्रयासानें येते. त्याचे कान शाबूत असतात; स्वयंपाकघरांत पडलेल्या भांड्याचा आवाज तें सर्वांआधीं ऐकतें. जीभ, टाळू, ओंठ यांत व्यंग नसतें. सायकलची सांखळी उतरली तर तें बसवून देतें. गोठ्यांतलें कोणतें वासरूं कोणत्या गाईचें हें बरोबर ओळखतें. पण चार वर्षांचें झालें तरी त्याचीं वाक्यें दोन-तीन शब्दांपलीकडे जात नाहींत. शाळेंत आल्यावर 'पाटी ठेवा, वही काढा, आणि काल सांगितलेली गोष्ट लिहा' असें गुरुजींनीं एका दमांत म्हटलें कीं त्याच्या हातीं एखादा तुकडा तेवढा लागतो. गोष्ट त्याला ठाऊक असते, परंतु ती क्रमानें सांगतां येत नाहीं. मग 'मठ्ठ', 'आळशी', 'लक्ष देत नाहीं' हे शेरे प्रगतिपुस्तकांत उतरतात. आणि आपण एका दोषाचीं लक्षणेंच नोंदवीत आहोंत याची ते लिहिणाऱ्यास कल्पनाहि नसते.

या अवस्थेस आज विकासात्मक भाषादोष म्हणतात. नांव नवें असलें तरी ओळख जुनी आहे. फ्रान्झ योझेफ गाल या जर्मन वैद्यानें १८२० च्या सुमारास लिहून ठेविलें कीं, कांहीं मुलें जडबुद्धि नसतात, दुसऱ्याचें बोलणें त्यांस समजतें, तरीहि त्यांस बोलतां येत नाहीं. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगण्याच्या त्याच्या शास्त्राची पुढें यथेच्छ थट्टा झाली; हें निरीक्षण मात्र खरें ठरलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषेंत या अवस्थेस 'ऐकणारांचें मुकेपण' अशा अर्थाचा शब्द आला. नंतर जन्मजात वाचाघात आणि आणखीहि नांवें झालीं. अखेर २०१६-१७ मध्यें ऑक्सफर्डच्या डॉरथी बिशप यांच्या पुढाकारानें इंग्रजीभाषक देशांतील तज्ज्ञांनीं एकविचारानें सध्याचें नांव रूढ केलें. इंग्लंड-अमेरिकेंतील पाहण्यांत शेंकडा सुमारें सात मुलांत हा दोष आढळला. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गांत दोन-तीन.

इकडे मुंबईस १८८५ सालीं बहिऱ्या-मुक्यांची शाळा निघाली. मुकेपणाचें मूळ बहुधा बहिरेपणांत असतें, हें त्यामुळें सुशिक्षितांस उमगलें. परंतु ज्याला ऐकूं येतें आणि तरीहि भाषा जुळत नाहीं त्याचा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा होता. घरोघर त्याच्यासाठीं निराळे उपाय चालत: वेखंड उगाळून जिभेवर चोळणें, जिभेखालची तांत कापून आणणें, देवाला नवस बोलणें. त्यांतून गुण आला नाहीं म्हणजे शेवटीं सारा दोष आईच्या माथीं. ती मुलाशीं बोलत नाहीं, किंवा फार लाड करते! आज हें निश्चित समजलेलें आहे कीं, आईबापांची हयगय हें या दोषाचें कारण नव्हे. तो पुष्कळदां घराण्यांत उतरतो. घरांत दोन भाषा बोलल्या जातात म्हणूनहि तो उद्भवत नाहीं. मूल दोन भाषा बोलत असेल तर तो दोन्हींत दिसतो, इतकेंच.

भाषा बदलली कीं दोषाचें रूपहि बदलतें, आणि हें समजण्यास जपानी मुलांचें उदाहरण फार उपयोगी आहे. वर्ध्यास जपान अगदींच अपरिचित नाहीं. निचिदात्सु फुजी हे बौद्ध भिक्षु १९३३ मध्यें येथें येऊन गांधीजींस भेटले होते, आणि त्यांच्या पंथाचा जपानी मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेंत आजहि म्हटला जातो. जपानी वाक्यांत मराठीप्रमाणेंच क्रियापद शेवटीं येतें, आणि नामांमागून 'गा', 'ओ', 'नि' असे छोटे शब्द येऊन आपल्या विभक्तिप्रत्ययांचें काम करतात. इंग्रजी मुलाचा दोष क्रियापदाच्या काळदर्शक प्रत्ययांत चटकन् पकडतां येतो. जपानींत अडचण अशी कीं, घरगुती बोलण्यांत मोठीं माणसेंसुद्धां ते छोटे शब्द सर्रास गाळतात. तेव्हां मुलानें ते गाळले तर कोणाच्या कानास खटकावें? कोणीं कोणास मारलें, कोण कोणाकडून मार खाऊन आला, अशा लांब व उलट्या रचनेच्या वाक्यांत मूल गोंधळूं लागतें तेव्हां कोठें संशय येतो. इंग्रजी कसोट्यांचें केवळ भाषांतर करून तेथें भागण्यासारखें नव्हतें.

जपाननें व्यवस्था मात्र चोख केली. तीन वर्षांच्या मुलांची सार्वत्रिक तपासणी १९६१ पासून व दीड वर्षाच्या मुलांची १९७७ पासून तेथें चालूं आहे. कित्येक प्राथमिक शाळांत 'कोतोबा नो क्योशित्सु', म्हणजे भाषेचा वर्ग, असतो. मूल आपल्या नेहमींच्या वर्गांतच राहतें आणि आठवड्यांतून थोडा वेळ त्या खोलींत जाऊन येतें. या पद्धतीस १९९३ मध्यें शासनाची रीतसर मान्यता मिळाली, व १९९७ मध्यें वाचा-श्रवण उपचारकांसाठीं स्वतंत्र कायदा झाला.

आतां मराठीकडे वळावें. मराठीस तीन लिंगें, प्रत्ययापूर्वीं होणारें सामान्यरूप, आणि 'मुलीनें आंबा खाल्ला, मुलानें भाकरी खाल्ली' अशी कर्माप्रमाणें बदलणारी क्रियापदें. लहान मुलें चुकत चुकत हें सारें आपोआप शिकतात. भाषादोष असलेलें मूल 'झाडवर', 'मुलगी आंबा खाल्ली' यांतच वर्षानुवर्षें अडकून राहूं शकतें. पण वर्धा जिल्ह्यांत आणखी एक पेंच आहे. ग्रियर्सनच्या भाषापाहणीच्या १९०५ सालच्या सातव्या खंडांत वऱ्हाडी व नागपुरी बोलींचें वर्णन आहे. या जिल्ह्याची बोली त्याच कुळांतली. येथील मूल 'मले भूक लागली' म्हणतें तेव्हां तें मुळींच चुकत नाहीं. त्यावर तांबडी पेन्सिल चालविणाऱ्या मास्तरांनीं किती शहाण्या मुलांस मुकें केलें असेल, याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं! तीच गोष्ट गोंडी बोलणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांची. मुलाची भाषा त्याच्या आजीच्या कानास विचित्र वाटते कीं नाहीं, हें पाहावें. पुस्तकी मराठीच्या कानाचें तेथें काम नाहीं.

आणि आतां पुन्हां टकळीकडे. ज्या योजनेनें वाणीवांचून विचार नाहीं असें मानलें, तिनेंच मुलाच्या हातांत टकळी दिली, हा एक सुखद विसंवाद होय. सेवाग्रामच्या शाळेचें काम आर्यनायकम् दांपत्यानें पुष्कळ वर्षें वाहिलें. त्याच आवारांत २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा नई तालीमच्या मार्गानें चालूं आहे. कापूस वेंचणें, पिंजणें, पेळू करणें, सूत काढणें, तार मोजणें या क्रमांत मुलाला विचार आहे कीं नाहीं हें शब्दांवांचून दिसतें. शिवाय जी वस्तु हातांत आहे तिचेंच नांव, तीच क्रिया, तेंच वाक्य रोज कानीं पडतें. भाषादोषावर हा उपचार आहे असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि आजचे वाचा-उपचारक जें सांगतात तें याहून फार दूर नाहीं. वाक्य लहान व सावकाश असावें. एका वेळीं एकच सूचना द्यावी. नवा शब्द निरनिराळ्या प्रसंगीं अनेकदां यावा. मूल 'मुलगी आंबा खाल्ली' म्हणालें तर त्यास न टोंकतां 'हो, मुलीनें आंबा खाल्ला' एवढें म्हणून गोष्ट पुढें न्यावी. उत्तरासाठीं थांबावें. परीक्षेंत अधिक वेळ द्यावा. आणि या सर्वांच्या आधीं कानांची तपासणी करून घ्यावी.

हें शिकविणाऱ्या संस्था देशांत उशिरा आल्या. म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ ची, मुंबईच्या नायर रुग्णालयांतील शिक्षणक्रम १९६६ चा, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत 'वाचा व भाषा दिव्यांगत्व' असा वर्ग आहे. पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकल्यानें अथवा वाचाघातानें आलेल्या कायमच्या व्यंगापुरती आहे. त्या दारावर थाप मारणारा बाप विन्मुख परततो. ज्या व्याख्येंत बोललेल्या वा लिहिलेल्या भाषेचें आकलन न होणें येतें, आणि जींत विकासात्मक वाचाघाताचें नांवहि घातलेलें आहे, ती त्याच कायद्यांत निराळ्या ठिकाणीं, विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या सदरांत आहे. हें ठाऊक असलेले पालक थोडे, आणि शिक्षक त्याहून थोडे.

२०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाडीच्या मुलांची वर्षांतून दोनदां तपासणी ठरलेली आहे, आणि तपासावयाच्या गोष्टींत भाषेचा विलंबहि आहे. दोन वर्षांचीं कित्येक अबोल मुलें पुढें आपण होऊन इतरांच्या बरोबरीस येतात, म्हणून त्या वयांत फार घाबरण्याचें कारण नसतें. चार-पांच वर्षांनंतर मात्र वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. तपासणीच्या दिवशीं आई बहुधा एकच उत्तर देते: 'बोलन हळूहळू, याचा बापबी उशिराच बोलला.' तपासणाऱ्यानें त्यावर मान डोलवून पुढच्या मुलाकडे वळूं नये. घराण्याविषयींचें तें वाक्य नोंदवहींत लिहून घ्यावें.