जोगत्यापासून राणादापर्यंत

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीपासून दक्षिणेस गडहिंग्लजपर्यंतच्या कोल्हापूर जिल्ह्यात यल्लम्मेची, म्हणजे सौंदत्तीच्या रेणुकेची, भक्ती खोल रुजलेली असून, तिला वाहिलेला आणि स्त्रीवेश धारण करणारा पुरुष ‘जोगता’ म्हणून ओळखला जातो. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा आधार घेऊन राजीव पाटील यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘जोगवा’ (2009) या चित्रपटाने अशा जोगत्याला, तायप्पाला, थेट नायकपद दिले आणि उपेंद्र लिमये व संगीतकार अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले. चाहत्यांनी मात्र त्यातले ‘जीव रंगला’ हे गीत जितक्या आवडीने उचलले, तितका तायप्पा उचलला नाही.

त्या गीताची आठवण देणारे शीर्षक घेऊन झी मराठीवर ऑक्टोबर 2016 मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा प्रेक्षकांचे प्रेम लाभले ते भोळ्या पैलवान शेतकऱ्याला, राणादाला. आणि करवीर तालुक्यातील वसगडे येथील ज्या वाड्यात चित्रीकरण चाले, तो पाहण्यासाठी लोक कुटुंबासह येऊ लागले. नायकाची भूमिका हार्दिक जोशी यांनी, तर शिक्षिका अंजलीची अक्षया देवधर यांनी साकारली होती; 2022 मध्ये हे दोघे प्रत्यक्षातही विवाहबद्ध झाले.