पाळक कुठे घडतो: सेमिनरीत की गावात?

आजचा विषय वरवर पाहता ख्रिस्ती मंडळ्यांच्या घरातला वाटेल, पण तो शिक्षणाचा आहे, पैशाचा आहे आणि आपल्याकडे म्हटल्यावर जातीचाही आहेच.

आपण पुण्यात बसलोय, तेव्हा पुण्यापासूनच सुरुवात करू. नगर रोडवर पेपल सेमिनरी आहे. ती १८९३ साली श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्याला आली. बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. तिची सुरुवात १९५३ ची, यवतमाळची. पुण्याला ती १९८३ मध्ये आली. एक कॅथलिक, दुसरी प्रॉटेस्टंट. दोन्ही बाहेरून येऊन इथे स्थिरावल्या आणि दोन्ही निवासी. मुलांनी घर सोडायचं, काही वर्षं आवारात राहायचं, शिकायचं, मग सेवेला जायचं. ही पद्धत आपल्याला इतकी सवयीची झालीय की पाळक व्हायचं तर हाच रस्ता, असं आपण गृहीत धरतो.

लूथरन मंडळ्यांत मात्र यावर जगभर वाद चालू आहे. अमेरिकेत मिसूरी सिनॉडने २००७ मध्ये काही उमेदवारांना मंडळीत काम करता करता शिकण्याची वाट अधिकृतपणे मोकळी केली. तेव्हापासून एक बाजू म्हणते, अशाने अर्धवट शिकलेले पाळक तयार होतील. दुसरी म्हणते, चाळिशीतल्या संसारी माणसाने नोकरी, घर सोडून वसतिगृहात जायचं कसं? वाद नवा वाटतो, पण तो लूथरच्या काळाइतका जुना आहे.

लूथर स्वतः विद्यापीठातला प्राध्यापक. १५२८ च्या सुमारास सॅक्सनीच्या खेड्यांतल्या मंडळ्यांची पाहणी झाली. पाळकांना साधी प्रभूची प्रार्थनाही नीट येत नाही, हे पाहून तो हादरला आणि १५२९ मध्ये त्याची लहान प्रश्नोत्तरी बाहेर पडली. म्हणजे शिकलेला पाळक हवा, हा आग्रह लूथरन परंपरेत पहिल्यापासून आहे. पण त्याच विटेनबर्गच्या दीक्षानोंदींत कारागीर माणसंही सापडतात, कारण विद्यापीठातून निघणारे पदवीधर पुरत नव्हते. आणि गंमत बघा, आज आपण ज्याला सेमिनरी म्हणतो तो साचा लूथरचा नाहीच. तो १५६३ च्या ट्रेंट परिषदेचा, म्हणजे कॅथलिकांचा. प्रॉटेस्टंटांनी तो नंतर उचलला.

भारतात लूथरन मिशन आलं ते १७०६ मध्ये, तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला. तिथे झिगेनबाल्गने १७१६ मध्ये स्थानिक सेवक तयार करण्यासाठी एक छोटी सेमिनरी काढली. पण पहिला भारतीय प्रॉटेस्टंट पाळक ॲरन याला दीक्षा मिळाली ती १७३३ मध्ये, उपदेशक म्हणून बरीच वर्षं गावोगाव काम केल्यावर. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ॲरन वेल्लाळ जातीतला. त्याच काळात तंजावर भागात राजनायकन हा दलित समाजातला उपदेशक काम करत होता. त्याच्याही नावाची चर्चा झाली, पण दीक्षा नाही मिळाली. वरच्या जातीचे लोक त्याच्या हातून प्रभुभोजन घेणार नाहीत, ही भीती. म्हणजे काम करता करता शिकण्याची वाट दोघेही चालले, शेवटचं दार एकालाच उघडलं.

आता आपल्याकडे येऊ. मराठी मुलुखात लूथरन काम तुरळक. इथे अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश आणि अँग्लिकन मिशनं. पण प्रश्न तोच. अमेरिकन मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, ठाणं दिलं. १८५४ मध्ये तिथे हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ते मिशनऱ्यांच्या हाताखाली, मंडळीचं काम करता करता शिकले. त्याच वर्षी नारायण शेषाद्रींनाही दीक्षा मिळाली, ज्यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल वसवलं.

या माणसांना सेमिनरी का लागली नाही? आम्हाला वाटतं, याचं उत्तर सरळ आहे. ती शिकलेल्या घरांतून आलेली ब्राह्मण माणसं होती. वाचन, पाठांतर, वादविवाद हे घरातूनच आलेलं. पुण्याच्या पंचहौदाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते नीलकंठशास्त्री गोरे तर काशीला वाढलेले शास्त्री. १८४८ मध्ये बाप्तिस्मा आणि १८७० मध्ये पुरोहितपद. त्यांना कोणी वसतिगृहात बसवून तर्क काय शिकवणार!

पण नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या कोणाच्या होत्या? मुख्यतः महार आणि मांग समाजाच्या. गावाबाहेर वस्ती, आणि शाळा म्हणजे मिशनने काढली असेल तर तीच. त्या शाळेचा मास्तर रविवारी उपदेशही करायचा. अशा मास्तराला ‘तू काम करता करता शीक’ असं सांगणं सोपं आहे. पण शिकायचं कोणाकडे? पुस्तकं कुठली?

इथे रूफस अँडरसनचं नाव घ्यावं लागतं. बोस्टनच्या मिशन बोर्डाचा हा चिटणीस १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात पाहणीला आला. मंडळ्यांनी आपलं आपण चालवावं, पाळक त्यांच्यातलाच असावा, शिक्षण त्यांच्याच भाषेत द्यावं आणि खर्च मंडळीला पेलेल इतकाच असावा, असं त्याचं म्हणणं. ऐकायला किती आधुनिक! आम्हालाही हे पटतं, पण अर्धंच. कारण त्याच धोरणाने इंग्रजी शाळांना कात्री लावली. ब्राह्मणाच्या मुलाला इंग्रजी सरकारी शाळेतही मिळत होती. महाराच्या मुलाला मिशनच्या शाळेखेरीज ती कुठे मिळणार? ‘गावाला साजेल इतकंच शिक्षण’ या शब्दांत काळजी आहे, तशी मर्यादाही आहे.

म्हणून १८७८ मध्ये अहमदनगरला ईश्वरविज्ञानाची सेमिनरी निघाली, ती आम्हाला महत्त्वाची वाटते. रॉबर्ट ह्यूम यांनी कित्येक वर्षं तिचं काम पाहिलं. आज निवासी सेमिनरी म्हटलं की सुखवस्तू, गावापासून तुटलेली संस्था डोळ्यांपुढे येते. १८७८ मध्ये मात्र गावकुसाबाहेरच्या माणसाला पुस्तकांच्या खोलीत निवांत बसता येईल, अशा जागाच मोजक्या होत्या. आपल्याला विषमता दिसते ती सेमिनरीत. त्या काळी ती सेमिनरीच्या बाहेर जास्त होती.

तरीही सेमिनरीने सगळं भागलं नाही. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं ते कुठल्या वर्गात शिकून नव्हे. आणि नारायण वामन टिळक! १८९५ मध्ये बाप्तिस्मा, मग नगरच्या सेमिनरीत शिकवणं, १९०४ मध्ये दीक्षा. सेमिनरीच्या आत राहून तिची पाश्चात्त्य बैठक त्यांना खुपत गेली. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. एकत्र राहणं, भजन, सेवा. पण १९१९ मध्ये टिळक गेले आणि तो प्रयोग टिकला नाही. एका माणसाभोवती उभ्या राहिलेल्या वाटेचा हाच धोका. संस्था कंटाळवाणी असली तरी माणसामागे उरते.

पुढे १९२७ मध्ये लूथरन मंडळ्यांनी मद्रासला आपली संस्था काढली आणि नाव दिलं ‘गुरुकुल’. नाव गुरूच्या घराचं, पुढे झालं निवासी कॉलेज.

वादाला खरं वळण मिळालं ते १९६३ मध्ये, ग्वाटेमालात. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या लक्षात आलं की शहरात शिकून गेलेली मुलं खेड्यांतल्या मंडळ्यांत फारशी टिकत नाहीत, आणि खेड्यात जे प्रत्यक्ष मंडळी सांभाळतात त्यांना शहरात येता येत नाही. मग त्यांनी शिक्षकालाच प्रवासाला लावलं. विद्यार्थ्याने घरी धडे करायचे, आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर जमायचं आणि शिक्षकाने तिथे पोचायचं. ही पद्धत भारतात आली आणि १९७१ मध्ये तिच्यासाठी ‘टॅफ्टी’ ही संस्था उभी राहिली, तिचं केंद्र बंगळूर. नोकरी करणारे, शेती करणारे, घर सांभाळणाऱ्या बायका यांना त्यातून पहिल्यांदा ईश्वरविज्ञान शिकता आलं. बायकांचं मुद्दाम सांगतो, कारण त्यांना निवासी वर्गात जायला घरून परवानगी मिळणं हाच पहिला अडथळा असे.

पण या वाटेने शिकलेल्याला मंडळी काय मानते? दीक्षा, बढती, मोठ्या चर्चमधली नेमणूक आली की निवासी पदवीवाला पुढे जातो, असं आम्हाला अनेकांनी सांगितलंय. दुसरीकडे, निवासी वर्गात रात्री जेवणानंतर जी वादावादी होते, ग्रंथालयात न मागितलेलं पुस्तक हाताला लागतं, ते आठवड्याच्या दोन तासांत कुठून आणणार? कोणती पद्धत चांगली, असं विचारलंत तर आम्ही उलट विचारू: कोणासाठी? ज्याच्या घरात पुस्तकं आहेत तो गावात राहूनही शिकेल. ज्याच्या घरात नाहीत त्याला खोली, दिवा आणि वेळ द्यावा लागतो, आणि तो शिकत असताना त्याच्या घरच्यांचं पोट कोण भरणार हेही आधी ठरवावं लागतं. १८७८ मध्ये नगरला या खर्चाचा भार मिशनवर होता. आज तो कोणी उचलायचा, यावर मंडळ्यांच्या सभांत बोलणं व्हायला हवं.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.