अंगण नसलेली अंगणवाडी

शाळेत आम्हांला इतिहास म्हणजे लढाया. पानिपतचं साल चुकलं की हातावर छडी. पण मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या रोज संध्याकाळी जी लढाई चालत आली आहे, एका बाजूला आई, आजी, आजोबा अशी संयुक्त फौज आणि दुसऱ्या बाजूला साडेतीन वर्षांचं, नाक पुसत बसलेलं एकटं पोर, तिचा मात्र कुठल्या बखरीत उल्लेख नाही. या लढाईत किती पाट्या फुटल्या, किती पेन्सिली पोटात गेल्या, 'ळ'ची गाठ मारता मारता किती बोटं आखडली, याची गणती कोणी ठेवलेली नाही. बखर लिहिणारे स्वतः कधीतरी याच रणांगणावर धारातीर्थी पडले असणार. पण मोठेपणी माणूस सोयीचं तेवढंच लिहितो.

म्हणून म्हटलं, आपणच या विषयाला हात घालावा. मला इतिहासाची पदवी नाही, पण बोरिवलीला तीन खोल्यांत साडेतीन वर्षांची नात आहे. ही पात्रता पुरेशी व्हावी.

जुन्या काळी मुलाच्या हाती पहिल्यांदा यायची ती धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि तीत बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं. चुकलं तर हात फिरवला की मामला साफ. इतकं दयाळू शैक्षणिक साधन जगात दुसरं झालं नसेल. पुढे दगडी पाटी आली, तिच्यावर थुंकी लावून पुसायची प्रथा आली आणि 'सरस्वतीला थुंकी लावतोस?' म्हणून पाठीत धपाटाही आला.

आणि मग दिवेलागणीचा परवचा. शुभंकरोती झाली की एकापासून सुरुवात. बे एके बे तर झालंच, पण पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सगळ्यांत शेवटी ती महामाया औटकी. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा! आमच्या वडिलांना तो झोपेतसुद्धा यायचा. नुसता यायचा नाही, लागायचाही. रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस, शेराचे पावशेर, अदपाव, नवटाक, छटाक. वाण्याच्या दुकानात सव्वा रुपया शेराच्या जिनसेचे अडीच शेर घ्यायचे, तर हिशेब तोंडानेच करायला हवा. औटकी ही विद्या नव्हती, आत्मसंरक्षण होतं.

मग आलं १९५७ साल. आमच्या या इतिहासात याला शककर्तं साल म्हणायला हरकत नाही. १ एप्रिल १९५७ला नवा पैसा आला, रुपयाचे शंभर भाग झाले. पाठोपाठ १९५८पासून किलो आणि ग्रॅम आले. शेकडो वर्षं पोरांना रडवणारी औटकी कुठल्या शिक्षणतज्ज्ञानं हटवली नाही, ती टाकसाळीनं हटवली. त्याच १९५७च्या फेब्रुवारीत आमची बोरिवली आणि तिकडची मुलुंड ही गावं बृहन्मुंबईत दाखल झाली. म्हणजे एकाच वर्षात आम्ही मुंबईकर झालो आणि आमचा पावकी-दिडकीचा आधार गेला. मुंबईकर पुढे कधी हिशेबात सावरला नाही, त्याचं मूळ हे असावं.

पण या जुन्या घरगुती विद्येचं कौतुक करताना एक गोष्ट दडपून चालणार नाही. परवचा होता तो ज्यांच्या घरी दिवा होता, पाटी होती आणि शिकवणारं माणूस होतं त्यांच्याच घरी. त्यातही मुलींनी तो ऐकायचा तो बहुधा स्वयंपाकघरातून. गावकुसाबाहेरच्या पोरांना तर तोही ऐकू येत नसे. 'आमच्या काळी घरोघर संस्कार होते' असं आम्ही म्हणतो, तेव्हा ती घरं कोणती हे सांगत नाही.

हे ज्यांच्या लक्षात आलं, त्यांची हकीकत सांगायची तर वाट जरा लांबून जाते. ६ जानेवारी १९०७ला रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी नावाच्या डॉक्टरीणबाईंनी एक बालगृह उघडलं. आईबाप कामाला गेले की वस्तीतली पोरं जिन्यांत धुडगूस घालत, भिंती खराब करत. त्यांना सांभाळायचं होतं. बाईंनी पोरांना काय दिलं? झाडू दिला, ओतायला पाणी दिलं, लावायला बटणं दिली. पोरं शांत झाली. एवढंच नाही, शिकू लागली. जगभर गवगवा झाला.

तो गुजरातेत पोचला. गिजुभाई बधेका हे पेशानं वकील. मुलगा झाल्यावर त्याला शिकवायचं कसं या विचारात पडले आणि वकिली सुटली ती सुटलीच. (आमच्या ओळखीचे एक वकील नातवाच्या अभ्यासापायी कोर्टात जास्त वेळ बसू लागले आहेत, पण ते वेगळं.) १९२० साली गिजुभाईंनी भावनगरला बालमंदिर काढलं. पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर इतकी खेळत की लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणत. यापेक्षा मोठी पदवी कुठल्या विद्यापीठानं पुरुषाला दिल्याचं मला माहीत नाही.

या मिशीवाल्या आईकडे येऊन मिळाल्या मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई मोडक. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य होत्या. मानाची, पगाराची नोकरी सोडून बालवाडीत आल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. दादरच्या पांढरपेशा आईबापांना बालशिक्षण पटू लागलं. इथं थांबल्या असत्या तरी इतिहासात नाव राहिलं असतं. पण बाईंना एक प्रश्न टोचत होता. माँटेसरीची ती सुबक लाकडी साधनं, ते छोटे पॉलिशचे टेबल, हे खेड्यातल्या पोरांना परवडायचं कसं?

आणि आता माझी कॉलर ताठ होते, कारण पुढची घटना आमच्या बोरिवलीत घडली. १९४५ साली कस्तुरबा ट्रस्टतर्फे इथं ग्रामसेविकांचं शिबिर भरलं होतं. त्याला पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ आल्या होत्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, त्यानंतर जिद्दीनं शिक्षण आणि नोकरी, असं पस्तीस वर्षांचं आयुष्य मागे होतं. ताराबाईंची आणि त्यांची गाठ पडली ती या शिबिरात. बोरिवली म्हटलं की लोकांना नॅशनल पार्क आठवतं किंवा आठ-बावन्नची फास्ट आठवते. या भेटीची पाटी मला तरी कुठे दिसली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस दोघी डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या आणि बालवाडी सुरू झाली.

सुरू झाली खरी, पण हरिजनवाड्यातली पोरं येईनात. आता एखादा अधिकारी असता तर 'पालकांची उदासीनता' असा शेरा मारून मोकळा झाला असता. या बायांनी काय केलं? पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच पोरांच्या अंगणात नेली. तिथंच त्यांना आंघोळी घातल्या, केस विंचरले, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. साधनं कुठली? शिंपले, बिया, पानं, दगड, माती. जे अंगणात पडलं होतं ते. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. असं सोपं, मराठी, घरच्यासारखं नाव.

१९५७ साली (पुन्हा तेच साल!) हा संसार कोसबाडच्या टेकडीवर गेला. तिथली वारली पोरं गुरं चारायला कुरणात जात. मग शाळाही कुरणात गेली; तिचं नाव कुरणशाळा. म्हणजे गुरं चरताहेत, पोरं शिकताहेत आणि अनुताई दोघांवर लक्ष ठेवताहेत. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंनी १९९२पर्यंत काम ओढलं. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारची बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणातला शब्द दिल्लीच्या फायलीत जाऊन देशभर पसरला. २०१३पासून विरारची लोकल डहाणूपर्यंत जाते. बोरिवलीहून डहाणू सुमारे ९० किलोमीटर. ज्या मार्गाने त्या दोघी गेल्या, त्याच मार्गावर आमची सून रोज उलट्या दिशेला चर्चगेटकडे लटकत जाते.

या सुनेनं मागच्या महिन्यात एक मोठं खोकं मागवलं. आत दोन चिमुकल्या वाट्या, एक चमचा, लाकडी मणी आणि सूचनांचं पुस्तक.

"हे काय गं?" मी विचारलं.

"बाबा, हे होम लर्निंगचं किट आहे. माँटेसरी पद्धतीचं. मणी या वाटीतून त्या वाटीत चमच्यानं टाकायचे. बोटांचे स्नायू तयार होतात."

त्याच वेळी स्वयंपाकघरात आमची मंडळी मटार सोलत बसली होती. नात तिच्यासमोर फतकल मारून शेंगा फोडत होती. दाणे पातेल्यात, टरफलं ताटात, आणि किडका दाणा निघाला की तो आजीच्या हातावर.

"चिऊ, तिकडे नको बसू!" सून म्हणाली. "तुझी मण्यांची अॅक्टिव्हिटी राहिलीय."

म्हणजे बघा, दाणे निवडणं, पाणी ओतणं, केर काढणं ही घरातली कामं. माँटेसरीबाईंनी ती शाळेत नेली. ताराबाईंनी तिथून ती अंगणात परत आणली. आणि आता ती कुठल्याशा कारखान्यात खोक्यात भरून, पैसे घेऊन, आमच्या दिवाणखान्यात येत होती. दहा पावलांवर खरा मटार चालू असताना!

पण सुनेची चेष्टा करून मी सुटणार नाही. तिचे रोजचे तीन तास गाडीत जातात. आल्यावर जो तासभर उरतो त्यात तिला मुलीसाठी काहीतरी 'केलं' असं वाटायला हवं. एकदा रात्री ती म्हणाली, "मला भीती वाटते बाबा. ती मागे पडेल."

"कोणाच्या मागे?"

तिनं जरा विचार केला. "ते नाही माहीत. पण सगळेच म्हणतात."

हे सगळेच जिथे भेटतात ती जागा म्हणजे शाळाप्रवेश. २००९च्या कायद्यानं प्रवेशासाठी मुलांची परीक्षा घ्यायला बंदी आहे. त्यामुळे एका शाळेत तिची परीक्षा घेतली नाही, नुसत्या 'गप्पा' मारल्या. बाईंनी विचारलं, "सफरचंदाचा रंग कोणता?" नात म्हणाली, "कापलेल्या का न कापलेल्या?" बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते कळलं नाही, पण प्रवेश दुसऱ्या शाळेत घ्यावा लागला.

मोजण्याच्या बाबतीत तर घरात दोन तट आहेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्र पेटला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, म्हणून मुलं त्रेसष्टचे छत्तीस करतात. मुद्दा खरा. पण साडेतीनचा पाढा गमावलेली पिढी आता त्रेसष्टही सोडायला तयार नव्हती. आमची मंडळी अजून त्रेसष्टच्या बाजूनं लढते, चिरंजीव साठ-तीनचे. नात सध्या बाराच्या पुढे 'खूप' म्हणते, त्यामुळे युद्धविराम आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा नातू मागच्या वस्तीतल्या अंगणवाडीत जातो. एक खोली, एक सेविका, खिचडी, चिंचोके आणि बाटल्यांची झाकणं. सुट्टीच्या दिवशी मावशी त्याला घेऊन येतात. एका शनिवारी बघतो तो हे दोघे आमच्या दारासमोर, लिफ्टपाशी पॅसेजमध्ये बसलेले. मध्ये किटमधल्या दोन्ही वाट्या. मण्यांऐवजी त्याच्या खिशातले चिंचोके. तो तिला चिंचोके दोन-दोनच्या जोड्यांनी मांडायला शिकवत होता आणि उरलेला एक कोणाचा यावर भांडण चाललं होतं. सून दारात उभी राहून बघत होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि आत जाऊन मटाराची पिशवी आणून त्यांच्यात बसली.

वरच्या मजल्यावरचे सेक्रेटरी लिफ्टमधून उतरले. 'पॅसेजमध्ये मुलांना बसण्यास मनाई आहे' अशी सोसायटीची पाटी भिंतीवर आहेच, ती त्यांनी बोटानं दाखवली.

"काका, वाचता येत नाही," आमची नात म्हणाली. "आम्ही अजून लहान आहोत."

सेक्रेटरींनी दोन क्षण विचार केला, वाकून एक शेंग उचलली आणि सोलत सोलत जिन्यानं खाली गेले.