पत्रापासून पडद्यापर्यंत : दुरून मन ऐकण्याचा इतिहास

आजचा विषय नवा वाटतो, पण तसा तो जुनाच आहे. मोबाइलच्या पडद्यावर समुपदेशकाशी बोलून चिंता, न्यूनगंड, ‘मी नक्की कोण’ ही घालमेल कमी होते का? आपल्यातले काहीजण लगेच म्हणतील, समोर माणूसच नाही तर कसला आलाय उपचार! या म्हणण्याकडे आपण शेवटी येऊ. आधी इतिहास बघू.

पहिल्या शतकात सेनेकाने आपला मित्र लुसिलियस याला लिहिलेली १२४ पत्रं आज उपलब्ध आहेत. विषय कोणते? मरणाची भीती, गर्दीत गेल्यावर ढळणारं मन, उद्याची काळजी. आपण तत्त्वज्ञानवाले ती नीतिशास्त्र म्हणून शिकवतो. पण विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तेव्हा तिची मुळं त्यांनी याच स्टोइक परंपरेत, विशेषतः एपिक्टेटसमध्ये दाखवली. म्हणजे दुरून मनाला सावरणं ही काही इंटरनेटची देणगी नव्हे.

आता आपल्याकडे या. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं असत. घरात बोलायची सोय नाही, डॉक्टरांसमोर जीभ रेटत नाही, अशा गोष्टी लोक पत्रात लिहीत. आपण विकृत आहोत का, पापी आहोत का, हा सल त्यामागे असे. कर्वे त्याला शास्त्राच्या आधारे उत्तर देत. या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली. खटला हरला, मासिक मात्र कर्वे यांच्या निधनापर्यंत, १९५३ पर्यंत, चाललं.

योगायोग बघा, त्याच १९५३ साली लंडनमध्ये चॅड वाराह या धर्मगुरूने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोन सेवा सुरू केली. तीच पुढे ‘समॅरिटन्स’ म्हणून ओळखली गेली. पत्राच्या जागी आवाज आला. बोलणाऱ्याचा चेहरा मात्र झाकलेलाच राहिला.

१९६६ मध्ये गोष्ट वेगळ्या वळणावर गेली. एमआयटीतले जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संगणक प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. आपलंच वाक्य फिरवून तो प्रश्न विचारी, बस्स. त्याला कळत काहीच नव्हतं. तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले. वायझेनबाउम हादरले आणि पुढे अशा वापराचे कडक टीकाकार झाले.

या सगळ्यातून आपल्या हाती काय लागतं? चेहरा दिसत नसला की लाज गळते, हे पहिलं. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञाच्या पायऱ्या चढताना कुणी बघेल या धास्तीने जो मुलगा जात नाही, त्याला पडदा हा आडोसा आहे. पण आडोसा म्हणजे उत्तर नव्हे. पलीकडे जबाबदारी घेणारा, शिकलेला माणूस हवा, हे दुसरं. कर्वे आपल्या उत्तरासाठी कोर्टात उभे राहिले. एलायझा कुठे उभी राहणार?

तिसरी गोष्ट आपण विसरतो. पत्र आवाज करत नाही. दोन खोल्यांच्या घरात व्हिडिओ कॉलवर मुलगी बोलणार कुठे? पलीकडे आजी, शेजारी टीव्ही. जगापासून लपता येतं, पण घरच्यांपासून नाही, आणि ओळखीचा प्रश्न तर बहुधा घरच्यांशीच गुंतलेला असतो. म्हणून समुपदेशकाने पहिल्यांदा विचारावं, ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल ना?’

२०२० मध्ये आपल्या देशात टेलिमेडिसिनचे नियम आले. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा मोफत चालू आहे. जरूर वापरा, सांगा. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र फोनवर न थांबता जवळच्या माणसाला सोबत घेऊन डॉक्टर गाठा.

तर ‘समोर माणूस नसेल तर’ या आक्षेपाचं काय? माणूस समोर नसला तरी चालतं, हे इतिहास सांगतो. पण माणूसच नसला तर चालत नाही, हेही तोच सांगतो.