पेय आधी, यंत्र नंतर : हिंगणघाटच्या छोट्या कॅनिंग प्रकल्पाचा विचार

हिंगणघाटात बिअर बनवता येत नाही. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ मध्ये आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. वर्ध्यात मात्र टिकून आहे. त्यामुळे छोट्या ब्रुअरीसाठी कॅनिंगची यंत्रे कशी निवडावीत, याबद्दल जगभर जे लिहिले-बोलले जाते, ते इथल्या उद्योजकाला जसेच्या तसे लागू पडत नाही. पण याच जिल्ह्यात कारंजा, आर्वी, आष्टी हे संत्र्याचे तालुके आहेत. जिल्ह्याचा संत्रा कॅनमध्ये भरायचा म्हटले की यंत्र विकणारा पहिल्या भेटीत ब्रुअरीचीच यंत्रमाला दाखवतो, कारण छोट्या प्रमाणावरच्या कॅनिंगचा बाजार उभा राहिला तो बिअरमुळे. कोलोरॅडोतल्या ऑस्कर ब्लूज या छोट्या ब्रुअरीने २००२ मध्ये हाताने चालवायच्या लहानशा यंत्रावर कॅन भरायला सुरुवात केली. कॅन म्हणजे फक्त मोठ्या कंपन्यांचे काम, हा समज त्यानंतर मोडत गेला. आज मिळणारी बहुतेक छोटी यंत्रे त्याच वाटेने आलेली आहेत. म्हणूनच ती कोणत्या पेयासाठी घडली आणि आपले पेय कोणते, हा हिशेब खरेदीआधी मांडायला हवा.

बिअर ही जंतूंना फारशी मानवत नाही. तिच्यात अल्कोहोल असते, हॉप्सचा कडवटपणा असतो, आंबटपणा असतो, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो आणि यीस्टने बरीचशी साखर आधीच खाल्लेली असते. तिला खरा धोका ऑक्सिजनचा. कॅनमध्ये राहिलेला एकूण ऑक्सिजन अब्जात शंभर भागांच्या आत ठेवण्यासाठी ब्रुअरी झटत असते. तो वाढला की काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. म्हणून ब्रुअरीच्या छोट्या यंत्राची सगळी रचना हवा हुसकण्यासाठी असते. रिकाम्या कॅनमध्ये आधी कार्बन डायऑक्साइड सोडायचा, लांब नळी तळाशी नेऊन बिअर भरायची, वर फेस येऊ द्यायचा आणि त्या फेसावरच झाकण ठेवायचे.

संत्र्याच्या रसाची प्रकृती याच्या उलट. ऑक्सिजन त्यालाही नको असतो, कारण क जीवनसत्त्व आणि रंग जातो. पण मुख्य धोका यीस्टचा. साखर भरपूर, अल्कोहोल शून्य. एखादी यीस्टपेशी जिवंत राहिली तरी कॅनमध्ये आंबवण सुरू होते, वायू तयार होतो, कॅन फुगतो आणि शेवटी फुटतो. किती ऊष्मा द्यावा लागतो, हे मोजायला पाश्चरायझेशन युनिट वापरतात : ६० अंश सेल्सिअसला एक मिनिट म्हणजे एक युनिट, आणि तापमान साधारण ७ अंशांनी वाढले की परिणाम दसपट. बिअरला १५ ते २५ युनिट पुरतात. लिंबूपाण्यासारख्या पेयांना ३०० ते ५००, फळांच्या रसाला ३००० ते ५०००. या आकड्यांमुळे एक उलटी वाटणारी गोष्ट समोर येते : दारूबंदीच्या जिल्ह्यात जे बिनदारूचे पेय बनवायचे, त्याला बिअरपेक्षा अधिक कडक यंत्रणा लागते.

हा ऊष्मा बुडबुड्यांच्या पेयाला देता येतो का? ॲल्युमिनियमच्या कॅनची भिंत सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची असते आणि कॅन-झाकणाची जोडी साधारण ६.२ बारपर्यंतचा दाब सोसेल अशी घडवलेली असते. पेयात स्वतःच्या आकारमानाच्या अडीच पट कार्बन डायऑक्साइड विरघळवला, म्हणजे बिअरइतकाच, तर ४ अंशांना आतला दाब पाऊण बारच्या आसपास असतो. तापमान वाढेल तशी पाण्याची वायू धरून ठेवण्याची ताकद घटते. ४५ अंशांना तोच दाब ४ बारवर जातो आणि ६० अंशांना ६ बारच्या जवळ. बिअर ६० अंशांना पंधरा-वीस मिनिटे ठेवली की काम होते, म्हणजे ती कॅनच्या मर्यादेच्या काठावरून निभावते. संत्र्याच्या पेयाला किमान ३०० युनिट द्यायचे तर ६० अंशांवर पाच तास किंवा ७० अंशांवर अकरा-बारा मिनिटे हवीत. ७० अंशांना अडीच पट वायूचा कॅन मर्यादेपलीकडे जातो. मग वायू कमी करा, नाहीतर परिरक्षक घाला, असे दोनच मार्ग उरतात. सोड्यात साडेतीन-चार पट वायू असतो आणि तो कॅनमध्ये तापवत नाहीत, याचे कारणही हेच.

वैशाखातले हिंगणघाट या हिशेबातून बाजूला काढता येत नाही. पारा ४५ वर असताना उन्हात उभ्या ट्रकच्या बंद हौद्यात तापमान त्याहून बरेच चढते. साडेतीन पट वायूच्या कॅनचा दाब ४५ अंशांनाच ६ बार ओलांडू शकतो. कॅन फुटण्याआधी त्याचे झाकण किंवा तळ बाहेर फुगतो आणि माल परत येतो.

ब्रुअरीची खुल्या दाबाची यंत्रे, म्हणजे जिथे पेय वातावरणाच्या दाबाखाली भरले जाते ती, पेय ० ते २ अंशांवर थंड असेल तरच नीट चालतात. थंडाव्यामुळे वायू पेयात राहतो. टाकीपासून यंत्रापर्यंतचा पाइप जरासा तापला तरी फेस उसळतो, कॅन अर्धवट भरतो आणि तीस टक्के माल गटारात जाऊ शकतो. दुसरा प्रकार समदाब भरणीचा : आधी कॅनमध्ये टाकीइतकाच दाब निर्माण करायचा, मग पेय शांतपणे उतरवायचे. हे यंत्र थोडे गरम पेय आणि जास्त वायू सहन करते. महाग असते, त्याचे रबरी सील बदलत राहावे लागतात. बुडबुड्यांचे पेय करायचेच असेल तर विदर्भात मी खुल्या दाबाच्या यंत्रापेक्षा समदाबाकडे झुकेन, किंवा भरणीची खोलीच थंड करेन. थंड खोलीचा वीजखर्च हा यंत्राच्या किमतीचाच भाग धरला पाहिजे.

पण बुडबुडे हवेतच कशाला? २२ सप्टेंबर २०२५ पासून फळांच्या रसाचे कार्बोनेटेड पेय ४० टक्के जीएसटीत आले, तर बुडबुडे नसलेल्या फळरसाच्या पेयावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर उतरला. एकाच बागेचा संत्रा, एकच कॅन. वायू घातला की करात ३५ टक्क्यांचा फरक. शिवाय वायू नसेल तर दाबाची वरची सगळी अडचण संपते आणि ७५-८० अंशांवर हवे तेवढे युनिट देता येतात. ७५ अंशांना एका मिनिटात जवळजवळ १४५ युनिट मिळतात, म्हणजे वीस-बावीस मिनिटांत ३००० पार. हिंगणघाटच्या छोट्या प्रकल्पाने सपाट रसच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नागपूरचा ‘नोगा’ हा ब्रँड पिढ्यानपिढ्या संत्र्याचा रस डब्यात भरत आला. पण तो जाड पत्र्याचा डबा होता, त्याच्या भिंतीला स्वतःचा ताठपणा असतो. ॲल्युमिनियमच्या कॅनला तो नसतो. आतला दाबच त्याला उभे ठेवतो. गरम भरलेला रस निवला की आकसतो, आत पोकळी होते आणि कॅन चिमटतो. त्यावर उपाय द्रवरूप नायट्रोजनचा. झाकण बसण्याच्या क्षणभर आधी एक थेंब सोडतात, तो वायू होताना सुमारे सातशे पट फुगतो, वरची हवा बाहेर ढकलतो आणि कॅनला आतून ताण देतो. म्हणजे ब्रुअरीच्या यादीतला कार्बोनेशनचा टँक आणि समदाब फिलर वजा करून त्या जागी नायट्रोजन डोसर आणि गरम पाण्याची पाश्चरायझेशन टाकी लिहायची. फिलर साधा, गुरुत्वाने भरणारा चालतो. नायट्रोजनचा पुरवठा मात्र आधी नक्की करायला हवा. तो साठवायला खास इन्सुलेटेड टाकी लागते आणि रोज थोडा उडतोच.

आता सगळ्यात महत्त्वाचे यंत्र : सीमर. कॅनवर झाकण चिकटवत नाहीत, ते शिवतात. पहिल्या फेरीत एक रोलर झाकणाची कड कॅनच्या ओठाखाली वळवतो, दुसऱ्या फेरीत दुसरा रोलर ती घडी दाबून सपाट करतो. झाकणाच्या कडेला आतून लावलेला रबरासारखा लेप उरलेल्या फटी भरतो. तयार शिवण जेमतेम अडीच मिलिमीटर उंच आणि सव्वा मिलिमीटरच्या आत जाड. आत दोन हूक एकमेकांत किती अडकले आहेत, यावर सगळे अवलंबून असते, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून शिवण करवतीने कापून किंवा सोलून मोजावी लागते. दिवसाच्या सुरुवातीला, मग दर काही तासांनी, आणि प्रत्येक बिघाडानंतर. कॅन हाताने दाबून गळत नाही म्हणणे ही तपासणी नव्हे.

सीमर घेताना तीन बाबी मी आग्रहाने पाहीन. पहिली, कॅन स्थिर राहून रोलर फिरतात की कॅनच फिरतो. भरलेला कॅन फिरला की रस उडतो, शिवणीत जातो आणि तिथे बुरशीला घर मिळते. दुसरी, चक, म्हणजे शिवताना झाकणात बसून त्याला धरणारा भाग, कोणत्या झाकणाचा आहे. बी६४, सीडीएल, सुपरएंड ही झाकणे वरून सारखी दिसतात, पण त्यांची खोली आणि भिंतीचा कल वेगळा असतो. एकाचा चक दुसऱ्याला चालत नाही. म्हणून आधी कॅन आणि झाकण कोणाचे हे ठरवावे, त्यांचे शिवणीचे मापपत्रक घ्यावे आणि ते यंत्रवाल्याच्या हातात ठेवावे. महाराष्ट्रात तळोजा आणि छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज इथे पेयाचे कॅन बनतात. वाळूजचा माल समृद्धी महामार्गाने वर्ध्यापर्यंत येऊ शकतो. २०२५ मध्ये कॅनला बीआयएस प्रमाणन सक्तीचे झाल्यावर आयातीवर विसंबलेल्यांची ओढाताण झाली, तेव्हा देशी कॅनवर बसणारा चकच घ्यावा. तिसरी बाब, रोलरची फट मोजून लावण्याची सोय आणि सुटे भाग. इथे हिंगणघाटची जमेची बाजू आहे. जिनिंगच्या डबल रोलर यंत्रावर चामड्याचा रोलर आणि सुरी यांच्यातली जागा बोटांनी ओळखणारे फिटर गावात आहेत. सीमरची फट लावणे हे त्याच हाताचे काम. त्यांना फीलर गेज आणि मापपत्रक द्या, ते बाहेरच्या इंजिनिअरची वाट पाहत बसणार नाहीत.

वेग हा शेवटचा मुद्दा. मिनिटाला २० कॅन म्हणजे तासाला १२००. ३३० मिलिलिटरच्या हिशेबाने ४०० लिटरच्या आसपास. हजार लिटरची टाकी अडीच तासांत रिकामी होते. आंबिया आणि मृग बहार मिळून संत्रा वर्षातले काही महिनेच येतो, म्हणून मोठे यंत्र घेऊन हंगामात पळवावे असे वाटते. पण रस काढणे, गाळणे आणि पाश्चरायझेशनची टाकी यांतला सर्वांत हळू टप्पाच एकूण वेग ठरवतो. शिवाय नागपुरी संत्र्याचा रस उष्णतेने कडवट होतो, लिमोनिनमुळे. पाश्चरायझेशनची टाकी छोटी आणि फिलर वेगवान असेल तर भरलेले कॅन रांगेत गरम राहतात आणि कडवटपणा वाढतो.

पाण्याचा अहवालही खरेदीच्या फायलीत असावा. कॅनच्या आत पातळ लेप असतो. आंबट रसात क्लोराइड जास्त झाले तर लेपातल्या बारीक छिद्रांतून ॲल्युमिनियमला भोके पडतात. बोअरचे पाणी वापरणार असाल तर क्लोराइडचा आकडा कॅनवाल्याला लेखी कळवून त्याची मान्यता घ्यावी.

रिकाम्या कॅनच्या एका पॅलेटवर आठ हजारांच्या आसपास कॅन येतात. छापील कॅनची किमान मागणी त्याच्या कित्येक पट असते. सुरुवातीला कोरे कॅन आणि स्टिकर किंवा स्लीव्ह घ्यावेत. अंतिम हप्ता देण्याआधी चाचणी आपल्या रसावर, आपल्या कॅनवर, दुपारी दोन वाजता मागावी. चाचणीचे कॅन ३७ अंशांवर दोन आठवडे ठेवावेत, त्यातल्या काहींच्या शिवणी कापून मापपत्रकाशी जुळवाव्यात आणि मगच चेकवर सही करावी.